चाई, आणि घरातल्या दोन फण्या

धाराशिवच्या केसा-कातडीच्या दवाखान्यात गेल्या महिन्यात एक बाई माझ्या शेजारी बाकावर बसली होती. पदर डोक्यावरून पक्का ओढून कानामागं खोचलेला होता, तरी तिनं तो दोन्ही हातांनी धरला होता. मला तिच्याशी बोलायचं होतं. मी तोंड उघडेपर्यंत तिचा नंबर आला, ती आत गेली, आणि माझी तेरची बस सुटायची वेळ झाली. बसमध्ये खिडकीशी टेकल्यावर मला बोलायची सगळी वाक्यं सुचली. माझं नेहमी असंच होतं. म्हणून आता लिहून ठेवते. ते तिला मिळेल की नाही ठाऊक नाही, पण तिच्यासारखी दुसरी कुणीतरी बाकावर बसलेली असेलच.

माझं नाव सुमन. तेरला राहते, घरी मशीनवर ब्लाऊज शिवते. घरात नवरा, सासू आणि दहा वर्षांची मुलगी गौरी. सासूबाईंना मी आत्या म्हणते. मी डॉक्टर नाही, तेव्हा औषधांची नावं विचारू नका. मला चाई लागली होती, म्हणजे डोक्यावर चट्टे पडून केस गेले होते. चाई कशी असते आणि आपण तिच्याबद्दल काय काय समजून बसतो, एवढंच मला सांगता येईल.

स्वप्नं सांगायची वेळ

गौरी शाळेला निघायच्या आधीची दहा मिनिटं आमच्या दोघींची असायची. ती माझ्या पुढ्यात पाटावर, मी मागं मशीनच्या स्टुलावर. आधी तेल, मग फणी, मधोमध भांग, दोन वेण्या आणि त्या वर उचलून बांधलेल्या लाल रिबिनी. फणी माझ्या आईची. येरमाळ्याच्या जत्रेत घेतलेली लाकडाची फणी, लग्नात तिनं माझ्या पेटीत घालून दिली होती. तिचे दोन दात तुटलेले. इतकी वर्षं तेल पिऊन ती काळी झाली होती, आणि नाकाशी धरली की आईच्या मानेचा वास यायचा.

आमचा एक नियम होता. तेल लावताना रात्री पडलेलं स्वप्न सांगायचं. गौरीच्या स्वप्नात आमची म्हैस शाळेत यायची आणि बाई तिला पहिल्या बाकावर बसवायच्या. माझ्या स्वप्नात मशीनची शिवण कापडाच्या बाहेर निघून जमिनीवरून चालू लागायची, ओट्यावरून खाली, रस्त्यानं, थेट तेरणेच्या पाण्यापर्यंत, आणि मी पायडल मारत तिच्या मागं मागं. स्वप्न पडलं नसेल तर बनवून सांगायचं. दुसरीनं ते ओळखलं तरी बोलून दाखवायचं नाही.

मी पहिल्यापासूनच तंद्रीखोर. शिवता शिवता तंद्री लागली की बाही उलटी बसते आणि गिऱ्हाईक सुलट बोलत नाही. पण त्या दहा मिनिटांत माझी तंद्री कुणाला खटकत नव्हती. दिवसातला तेवढाच वेळ मी जशी आहे तशी असायचे.

रुपया

रविवारी दुपारी उलटं व्हायचं. मी पाटावर आणि गौरी स्टुलावर. ती माझे केस विंचरायची आणि मी बसल्या बसल्या पेंगायचे. सोयाबीनची काढणी नुकतीच झाली होती, अंगणात ऊन पसरलं होतं, आत्या ओट्यावर डाळ निवडत होत्या. अर्धवट झोपेत मला गौरीचा आवाज आला.

“आई, तुझ्या डोक्यात रुपया हाय.”

“कुणाचा पडला?” मी डोळे न उघडता विचारलं.

“पडला न्हाय. हितंच हाय, चिकटलाय.”

तिनं माझं बोट धरून नेलं. कानाच्या मागं, जरा वर, नाण्याएवढी जागा रिकामी होती. खाज नाही, खवले नाहीत, दुखणं नाही. तान्ह्या बाळाच्या गालासारखी मऊ. मला आधी छानच वाटलं. भीती नंतर आली, आत्या ताट बाजूला ठेवून उठल्या तेव्हा.

“चाई लागली गं तुला, सुमन,” त्या वाकून बघत म्हणाल्या. “बारीक किडा असतुय. आपुन झोपलो की येतुय अन् मुळापास्नं केस खाऊन जातुय.”

मग त्यांनी गौरीच्या हातातली फणी काढून घेतली. “आजपास्नं पोरीला ह्या फणीनं इचरू नगंस. तू तिला इचरूच नगंस. एकीची दुसरीला लागती. पोरीची जात हाय ती.”

फणी मशीनमागं भिंतीतल्या देवळीत गेली. संध्याकाळी दुकानातून गौरीला प्लास्टिकची गुलाबी फणी आली.

आपल्या भाषेत सगळं लागतंच. भूक लागते, झोप लागते, ठेच लागते, दृष्ट लागते, पोरांना मोबाइलची चटक लागते, मला तंद्री लागते. त्यातलं कुठलं एकाकडून दुसऱ्याकडं जातं आणि कुठलं जात नाही, हे तो शब्द सांगत नाही. चाईसुद्धा लागते म्हणतात, म्हणून ती दुसऱ्यालाही लागणार, असं घरात ठरून गेलं. त्या एका शब्दापायी माझी दहा मिनिटं गेली. मी न्हाणीघरात जाऊन रडले. केसांसाठी रडले असं सगळ्यांना वाटलं.

बिब्बा

मग इलाज सुरू झाले. कांद्याचा रस, लसूण, जास्वंदीची फुलं वाटून, गुंज उगाळून. घरात कांद्याचा असा वास सुटला की गिऱ्हाईक ब्लाऊजची मापं दारातूनच सांगून जायला लागलं. एका रुपयाचे तीन रुपये झाले.

तेव्हा आत्यांनी बिब्बा काढला. आमच्याकडं पायात काटा मोडला, टाच भेगाळली, की बिब्ब्याचं तेल लावतात. सुई टोचून दिव्यावर धरला की काळं तेल सुटतं. आत्यांनी ते तीन ठिकाणी लावलं. फुंकर घालत, माया करत लावलं, हे मला सांगितलंच पाहिजे. “किडा जळून जाईल,” म्हणाल्या.

किडा नव्हताच, तेव्हा मीच जळाले. दुसऱ्या दिवशी बिब्बा उतला. डोक्यावर फोड आले, कपाळ सुजलं, सूज उतरत डोळ्यांवर आली आणि डोळे मिटून गेले. रोगापेक्षा इलाज भारी म्हणतात ते असं. गौरी शाळेतून आली आणि माझं तोंड बघून दारातच थांबली. मला ती दिसत नव्हती. दप्तर खाली ठेवल्याचा आवाज तेवढा आला, आणि पावलं जवळ आली नाहीत.

दोन दिवस मी डोळे मिटून पडून होते. आत्या उशाशी बसून खोबरेल तेल लावत होत्या आणि नाक ओढत होत्या. मला जाग कुठली आणि झोप कुठली ते कळत नव्हतं. तेरणेच्या पाण्यात शेवाळ हलतं ना, तसे माझे केस पाण्यात लांब पसरलेले दिसायचे. मी काठावर उभी, डोक्यावर काहीच नाही, आणि केस मात्र पाण्यात मजेत. मी हाक मारायचे, ते यायचे नाहीत. विचित्र म्हणजे मला त्या स्वप्नात वाईट वाटत नव्हतं. जाग आली की वाटायचं.

डोळे किलकिले झाल्यावर गौरीचे पप्पा मला धाराशिवला घेऊन गेले.

कुंपण

डॉक्टरीणबाई वयानं माझ्याएवढ्याच होत्या. त्यांनी डोकं बघितलं आणि कपाळाला हात लावला, स्वतःच्या.

“हे काय लावलंय?”

“बिब्बा.”

“कुणी सांगितलं?”

“गावातल्यांनी,” मी म्हणाले. आत्यांचं नाव घ्यायचं नाही असं मी बसमध्येच ठरवलं होतं. नवऱ्यानं माझ्याकडं नुसतं बघितलं.

डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून बराच वेळ चट्टे बघितले. मग खुर्ची जवळ ओढून बसल्या. “किडाबिडा काही नसतो, ताई. आपल्या अंगात राखण करणाऱ्या पेशी असतात. त्यांना कधी कधी चुकून आपल्याच केसांची मुळं परकी वाटायला लागतात, मग त्या त्यांच्यावरच धावून जातात.”

“म्हंजी कुंपणच शेत खातंय म्हणा की,” गौरीचे पप्पा म्हणाले.

डॉक्टरीणबाई हसल्या. “अगदी. पण मूळ मेलेलं नाही. ते जमिनीखाली झोपलंय.”

त्या वाक्यानं मला जो धीर आला, तो नंतरच्या कुठल्याच औषधानं आला नाही.

केस जायची कारणं पुष्कळ असतात, त्या सांगत होत्या. बाळंतपणानंतर जातात, मोठ्या तापानंतर जातात, अंगात रक्त कमी असेल, थायरॉइड बिघडलं असेल, मनाला मोठा धक्का बसला असेल तरी जातात, आणि त्यातले बरेच परत येतात. म्हणून आधी रक्त तपासायचं. डोक्यावर नायटा झाला तरी केस जातात, पण तिथं खवले असतात, खाज असते, केस अर्ध्यात तुटतात. “तो असता तर फणी वेगळी ठेवा असं मीच सांगितलं असतं. हा तो नाही. हा फणीतून जात नाही, उशीवरून जात नाही, एका ताटात जेवून जात नाही.”

“माझे येतील का?”

“बहुतेकांचे येतात. काहींचे येतात आणि पुन्हा जातात. तुमचं कसं होईल ते मी आज शपथेवर सांगू शकत नाही.”

मला त्यांचं खोटं न बोलणं आवडलं. मग खरा प्रश्न विचारला. “माझ्या मुलीला होईल का?”

त्यांनी हातातलं भिंग खाली ठेवलं. “स्पर्शानं नाही होणार. घराण्यात थोडीशी शक्यता उतरते, तेवढीच. बहुतेकांच्या मुलांना होत नाही.”

मी ‘थोडीशी’ हा शब्द पदराला बांधून घरी आले. बाकीचं सगळं वाटेत सांडलं.

फणी वेगळी

घरी आल्यावर नवऱ्यानं सगळं समजावून सांगितलं. मीही म्हणाले, “आत्या, हे लागत न्हाय. डॉक्टरीणबाईंनी भिंगानं बघून सांगितलंय.”

“त्या शिकल्याल्या हायत, म्या कुठं न्हाय म्हणती?” आत्या म्हणाल्या. “पर इषाची परीक्षा कशाला घ्यायची? उद्या पोरीचं लगीन करायचंय. तवा डाक्टरीण येणार हाय व्हय सांगायला?”

हे मी आत्यांच्या नावावर ढकलून मोकळी होऊ शकते. घरातले सगळे तसंच समजतात. पण खरं सांगते, फणी वेगळी आत्यांनी केली, दूर मीच झाले. दुसऱ्या दिवशी आत्या शेताकडं गेल्या होत्या, गौरी पाट घेऊन माझ्यासमोर आली, आणि मीच म्हणाले, “आज्जी आल्यावर घालून घे वेण्या.” मला ‘थोडीशी’ आठवलं होतं. फणीतून जात नाही हे डोक्याला कळलं होतं, हाताला कळत नव्हतं.

आत्यांच्या बोटांत आता जोर नाही, त्यांच्या वेण्या शाळेच्या वाटेतच सुटायच्या. महिन्याभरात गौरी आपल्या आपण घालायला शिकली. भांग वाकडा, एक वेणी कानावर, एक मानेवर. मी अंघोळ करून मशीनवर येईपर्यंत तिचं झालेलं असायचं, मी नुसतं बघायचे.

एकदा मी सहज विचारलं, “काय गं, स्वप्न पडलं का काही?”

“न्हाय पडत आता,” ती रिबीन बांधत म्हणाली.

महिन्याची वारी

त्यानंतर दर महिन्याला धाराशिव. चट्ट्यांमध्ये बारीक बारीक सुया टोचायच्या, एकेका चट्ट्यात आठ-दहा. दुखतात. कुणी दुखत नाही म्हणालं तर विश्वास ठेवू नका, पण एक डाळिंब सोलायला जेवढा वेळ लागतो त्याच्या आत संपतात. तिथली सिस्टर प्रत्येक टोचणीनंतर हळूच फुंकर घालायची. तिला तसं कुणी सांगितलेलं नव्हतं. मी तिचं नाव कधी विचारलं नाही, पण ती फुंकर अजून डोक्यावर जाणवते.

दुसरा एक दिलासा म्हणजे स्कार्फ. आमच्याकडं उन्हात बायका तोंडाला स्कार्फ बांधूनच निघतात. बसमध्ये सगळ्याच बांधलेल्या, त्यात मी एक. येताना खिडकीला डोकं टेकून मला हटकून झोप लागायची. ढोकीच्या पुढं उसाचे फड लागले की मला वाटायचं, हे सगळं कुणीतरी विंचरून ठेवलंय.

रक्त तपासलं तर ते कमी निघालं. त्याच्या गोळ्या चालू झाल्या. पण चट्टे ऐकेनात. एक भरायचा, दोन नवे पडायचे. मग ते एकमेकांना भेटले. फणी लावायची सोयच राहिली नाही, नुसता हात फिरवला तरी केस हातात. मी ते गुंडाळून पिशवीत ठेवत गेले, कारण आपल्याकडं गुंतवळ टाकत नाहीत.

एके दिवशी गल्लीत आरोळी आली, “केसावर भांडीऽऽ!” दरसाली येणारी भांडेवाली होती. गुंतवळ घेते आणि बदल्यात वाटी-चमचा देते. मी पिशवी पुढं केली. तिनं हातात तोलली आणि माझ्या स्कार्फकडं बघितलं.

“एवढं? टायफॉइड झालता का बाई?”

“चाई लागली.”

तिनं पिशवी झटकन खाली टाकली नाही, हातही पुसला नाही. उलट एक केस बोटाला गुंडाळून उन्हात धरला. “लई चांगला केस हाय. ह्याचं गंगावन व्हतंय, टोप व्हतोय. कुणाच्या तरी डोक्यावर बसंल बघा,” म्हणाली आणि स्टीलची एक चांगली जड वाटी दिली. ती वाटी आम्ही तेलाला ठेवली. माझे केस कुठल्या तरी शहरात कुणाच्या तरी खांद्यावर हलत असतील, ह्या विचारात मी त्या दिवशी दोन बाह्या उलट्या लावल्या.

लिंबाखाली

शेवटी उरलं ते काढून टाकायचं ठरवलं. गौरी शाळेत गेल्यावर दुपारी लिंबाच्या सावलीत खाट टाकली. नवऱ्यानं स्वतःच्या दाढीचं मशीन आणलं. त्यांचा हात इतका हळू चालत होता की मला पुन्हा पेंग यायला लागली.

“दुखतंय का?” ते दर मिनिटाला विचारत होते.

“न्हाय.”

संपल्यावर ते बाजूला होऊन बघत राहिले. मी डोळे मिटले. “तुजं डोकं लई चांगल्या घाटाचं हाय गं,” म्हणाले. “आजवर दिसलंच नव्हतं.”

लग्नाला तेरा वर्षं झाली, एवढं गोड ते कधी बोलले नव्हते. मी हसले आणि त्याच वेळी रडले.

आत्या आत निघून गेल्या होत्या. “कपाळाला कुकू हाय अन् डोकं असं,” हे त्यांचं रडणं मला भिंतीतून ऐकू आलं. मला राग आला होता. पण तासाभरानं त्या बाहेर आल्या, हातात एक चौकोनी फडकं, कडा हातानं दुमडून शिवलेल्या. “माज्या जुन्या लुगड्याचं हाय. मऊ हाय. टोचायचं न्हाय तुला.” त्यांना सुईत दोरा दिसत नाही. तो त्यांनी कुणाकडून ओवून घेतला, हे मी अजून विचारलेलं नाही.

त्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी तीन वाटा सांगितल्या. जास्त ताकदीच्या गोळ्या, ज्यांच्यासोबत वेळच्या वेळी रक्त तपासावं लागतं. टोप. किंवा काहीच न करता वाट बघणं. “तिन्हीतलं काहीही चूक नाही,” म्हणाल्या. मी टोप घालून बघितला. आरशात एक अनोळखी बाई माझ्याकडं बघून ओळखीचं हसली. मला भांडेवाली आठवली. माझेच केस मला परत घालायला आलेत असं वाटून मी तो उतरवला आणि गोळ्या घेतल्या. तुम्हाला टोप आवडला तर जरूर घाला. माझं डोकं तंद्रीखोर, त्याला तो झेपला नाही, एवढंच.

आता हे लिहितेय तेव्हा डोक्यावर पांढरी लव आलीय. गौरी त्याला जावळ म्हणते. ते काळं होईल, टिकेल, की पुन्हा जाईल, डॉक्टरीणबाई आजही शपथ घेत नाहीत. पण बाकावरच्या ताई, मला तुम्हाला सांगायचं आहे ते ह्या लवेच्या आधीचं आहे. तेव्हा डोक्यावर काहीसुद्धा नव्हतं.

देवळीतलं गुंतवळ

एका दुपारी मशीनची सुई तुटली. नवी शोधायला मी देवळीत हात घातला आणि हाताला आईची फणी लागली. वर्ष होत आलं होतं. धुळीनं भरली असेल म्हणून मी पदरानं पुसायला घेतली, तर धूळ नव्हती. तुटलेल्या दातांच्या खाचेत एक लांब काळा केस अडकला होता. ताज्या तेलाचा.

मला वाटलं, आले. पाण्यातून उठून आले आणि आपल्या जागेवर जाऊन बसले. मी स्कार्फ सोडून डोक्यावरून हात फिरवला. काही नव्हतं. मग वाटलं मीच झोपेत आहे, आणि ते वाटणं इतकं बरं होतं की मी थोडा वेळ तशीच उभी राहिले. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, भिंत हादरली, आणि मी जागी आहे हे कळलं. एवढा लांब केस घरात एकीचाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीला गेल्यासारखं करून मी न्हाणीघराचं दार नुसतं लोटलं आणि स्वयंपाकघराच्या फटीतून बघत राहिले. गौरीनं इकडं तिकडं बघितलं, देवळीतून फणी काढली, आधी नाकाशी धरली. मग विंचरायला लागली. वेण्या झाल्यावर दातांतले केस काढून मुठीत गुंडाळले आणि फणी होती तशी आत ठेवली. हे सगळं इतक्या सवयीनं, की तिला बघावं लागत नव्हतं.

मी बाहेर आले. ती दचकली.

“कवापासून?” मी विचारलं.

“पहिल्यापासून.”

“आणि ती गुलाबी फणी?”

“दप्तरात हाय. आज्जी बघती म्हणून रोज जरा तेलात बुडवून ठेवती.”

मी तिचा भांग बोटांनी उघडून बघितला, कानामागं बघितलं, मानेवर बघितलं. दाट, काळं, कुठं नखाएवढीसुद्धा जागा रिकामी नव्हती. “अगं पण का? तुला सांगितलं होतं ना, लागंल म्हणून?”

“म्हणून तर,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“मला पण लागली असती, तर आपली फणी एकच झाली असती ना. मग तू घातल्या असत्यास वेण्या.” तिचे ओठ वाकडे झाले. “एवढे महिने वापरली, आई. रोज वापरली. तरी लागतच न्हाय.”

परीक्षेत नापास झाल्यासारखी ती रडत होती. मी तिला पोटाशी धरलं. डॉक्टरीणबाईंनी भिंगानं बघून सांगितलेलं जे माझ्या हाताला कळत नव्हतं, ते तेव्हा कळलं. मला माझी इतकी लाज वाटली की मी तिला सोडतच नव्हते.

मान वर केली तर आत्या दारात उभ्या होत्या. त्यांनी किती ऐकलं ते मी विचारलं नाही. त्यांच्या हातात तेलाची वाटी होती, माझ्या केसांवर मिळालेली. त्या आत आल्या, वाटी माझ्या स्टुलाशेजारी ठेवली आणि पाट सरळ केला.

गौरी पाटावर बसली. मी वेण्या सोडल्या आणि पहिल्यापासून घातल्या. स्वप्नं पडत नाहीत म्हणणारी पोरगी, तिनं वर्षभराची साठवून ठेवली होती. म्हैस आता सातवीत गेली होती. एका स्वप्नात मी टकली होते आणि शाळेतल्या सगळ्या पोरी माझ्या डोक्यावर खडूनं गणितं सोडवत होत्या. आम्ही दोघी हसलो. त्या दिवशी तिला शाळेला उशीर झाला.

ती गेल्यावर मी फणी पुसत बसले. आत्या ओट्यावरून उठून आल्या आणि माझ्याकडं पाठ करून त्या पाटावर बसल्या. डोक्यावरचा पदर खाली घेतला, सुपारीएवढा अंबाडा सोडला. पातळ पांढरे केस पाठीवर पडले.

“माजंबी इचर,” म्हणाल्या.

गौरी जाताना गुलाबी फणी दप्तरातून काढून खिडकीत ठेवून गेली होती. माझा हात आपोआप तिकडं गेला. आत्यांनी मान वळवली नाही.

“ती नगं,” म्हणाल्या. “लाकडाची घे.”